आमेनच्या आधी तळवे

शमुवेलआप्पा लोखंडे यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलंय असे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजता येतील. माझ्या पायांकडे मात्र ते गेली कित्येक वर्षं न चुकता बघत आलेत. रविवारी चर्चच्या पायरीवर भेट झाली की बाकीचे लोक 'सलाम' म्हणतात, हात हातात घेतात, मुलाबाळांची चौकशी करतात. आप्पाही 'सलाम' म्हणतात, पण मान खाली घालून, आणि त्याच दमात विचारतात, "टाच कवापासनं भेगाळली?" नव्या माणसाला वाटतं, म्हातारा फार लाजाळू दिसतोय. दुसऱ्या रविवारपर्यंत त्याचा हा गैरसमज दूर होतो.

सांगलीत आमची मंडळी लहान. सगळे एकमेकांना नावानिशी ओळखतात, आप्पा पावलानिशी ओळखतात. चर्चमध्ये जाताना चपला बाहेर व्हरांड्यात काढायच्या ही आमच्याकडची जुनी पद्धत. आप्पांची जागा दाराशेजारच्या शेवटच्या बाकावर. तिथून एक डोळा वेदीकडे आणि एक चपलांकडे ठेवता येतो. पाळकसाहेबांचा संदेश, म्हणजे प्रवचन, सुरू झालं की आप्पा हळूच उठतात, व्हरांड्यात बसकण मारतात आणि एकेक चप्पल उचलून आत हात फिरवायला लागतात. खिळा वर आलाय का, खडा रुतलाय का, टाच कुठल्या बाजूनं झिजलीय. चपलेचा मालक आत डोळे मिटून बसलेला असतो आणि बाहेर त्याची पुरी तपासणी होऊन गेलेली असते.

एकदा पाळकसाहेब सहनशीलतेवर बोलत होते. अगदी रंगात आले होते. तेवढ्यात आप्पा दारात उभे. एका हातात पाळकसाहेबांचा डावा बूट, दुसऱ्या हाताच्या चिमटीत बोटभर लांब बाभळीचा काटा.

"साहेब, ह्यो तळातनं आरपार आला व्हता. तुमास्नी टोचत कसा न्हाई?"

संदेश तिथंच थांबला. सगळी मंडळी पाळकसाहेबांच्या पायाकडे बघायला लागली. बिचाऱ्यांनी "टोचत होता, टोचत होता" असं दोनदा कबूल केलं, तेव्हा कुठं आप्पांचा जीव भांड्यात पडला.

"टोचत व्हता न्हवं? मग ब्येस. चालू द्या तुमचं."

टोचणं ही आप्पांच्या लेखी मोठी भाग्याची गोष्ट. त्याला कारण होतं. आप्पा मूळचे माण तालुक्यातले, दहिवडीकडच्या एका वस्तीवरचे. लहानपण मेंढरांमागं अनवाणी गेलं. पुढं ते मिशनच्या एका कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात कामाला लागले आणि सगळा जन्म त्यांनी तिथं चपला शिवण्यात घालवला. त्या रोगात पायाची जाणीव जाते. माणूस निखाऱ्यावर पाय देतो, खिळ्यावरून कोसभर चालतो, त्याला पत्ता नसतो. अशा पायांसाठी मऊ रबराच्या, बिनखिळ्याच्या चपला आप्पा करायचे. पाय आधी मांडीवर घ्यायचे, हातानं चाचपायचे, मग रबर कापायला रापी हातात घ्यायचे. निवृत्त झाल्यावर त्यांना कळलं की आता तसलेच बधिर पाय साखरेच्या आजारानं घरोघरी झालेत. झालं. आप्पांची निवृत्ती त्या दिवशी संपली.

"दुखनं म्हंजे देवानं बशिवलेली घंटा हाय," ते म्हणायचे. "ज्याची घंटा वाजती त्यानं भ्याचं न्हाई. ज्याची वाजायची थांबली, त्यानं पळत यावं."

आणि सगळ्यावर त्यांचं एकच पालुपद. कुणी गोळी चुकवली, कुणी पथ्य मोडलं, कुणी "जाऊ द्या हो आप्पा, एक दिवस मरायचंच आहे" असं म्हणालं, की आप्पा मान हलवायचे. "मरायचं हायच. पन ही परत द्यायची वस्तू हाय, गड्या. शेजारनीचं पातेलं आनलं तर घासून पुसून परत देतोस का न्हाई? मग देवाचं अंग काय खरकटं परत देनार?"

माझं आणि आप्पांचं खरं नातं जुळलं ते एका चपलेवरून. मी तहसील कचेरीत अव्वल कारकून होतो म्हणून ते मला भाऊसाहेब म्हणतात. स्वभावानं मी भित्रा. साधं बंद पाकीट आलं तरी मी ते आधी उजेडात धरून बघतो. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. उपासना संपवून मी भाजी घ्यायला बाजाराकडे निघालो होतो. मागून हाका ऐकू आल्या. बघतो तर आप्पा धापा टाकत येतायत आणि त्यांच्या हातात एक चप्पल.

"ही तुमचीच का?"

मी खाली पाहिलं. माझा उजवा पाय उघडा होता. चर्चपासून कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत मी एकाच चपलेनं चालत आलो होतो.

"कवा निसटली?"

"लक्षात नाही आलं, आप्पा." मी हसून सोडून द्यायला बघत होतो. "विचारात होतो. शिवाय मी मेढ्याचा, डोंगरातनं अनवाणी शाळेला गेलेला माणूस. तळवे घट्ट आहेत माझे."

आप्पा हसले नाहीत. त्यांनी माझं मनगट धरलं आणि भर उन्हातून मला आपल्या घरी नेलं.

आप्पांचं घर म्हणजे दोन खोल्या. त्यांच्या बायको लेआबाई तेव्हा होत्या. मला खुर्चीत बसवून आप्पांनी बायबलच्या कव्हरमधून एक वस्तू काढली. पेनच्या टोपणाला चिकटवलेला, मासे धरायच्या गळाचा नायलॉनचा धागा. "डोळं मिटा. तळव्याला दोरा लागला की व्हय म्हना," ते म्हणाले.

मी डोळे मिटले. दोरा लागतोय की नाही तेच कळेना, म्हणून मी अंदाजानं थोड्या थोड्या वेळानं "हो" म्हणत गेलो. शेवटी आप्पांनी मला डोळे उघडायला लावले.

"भाऊसाहेब, तुमी अकरा येळा व्हय म्हनला. मी दोरा सातच येळा टेकवला."

लेआबाई स्वयंपाकघरातून खुदकन हसल्या. आप्पा मात्र माझ्याकडे, म्हणजे चक्क माझ्या तोंडाकडे बघत होते. "ही काय खात्याची परीक्षा हाय का, पास व्हायला? कवाधरनं साखर हाय?"

दीड वर्ष. दीड वर्षापूर्वीचा रिपोर्ट मी कपाटात घराच्या कागदपत्रांखाली दडवून ठेवला होता. बायकोला, शालिनीला, सांगितलं नव्हतं. दुसऱ्यांदा तपासून घेतलं नव्हतं. न बघितलेला आजार वाढत नाही असं काहीतरी माझ्या मनानं घेतलं होतं. त्या खुर्चीत बसून मी ते सगळं ओकून टाकलं. लेआबाईंनी बिनसाखरेचा चहा पुढं केला आणि म्हणाल्या, "लाजायचं न्हाई त्यात. ह्यांनाबी हाय की."

मग त्यांनी मला दाखवण्यासाठीच असेल, पण बसायचा वेताचा मोडा सरकवून घेतला, चष्मा लावला आणि आप्पांचे पाय मांडीवर घेतले. उजवा वर करून पाहिला, बोटांच्या मधल्या बेचक्या पाहिल्या. मग डावा. "झालं. ठेवा खाली." इतक्या सहज, तांदूळ निवडावेत तसं. त्यांच्या घरात हे रोजचं होतं. मला मात्र ते बघताना अवघडल्यासारखं झालं.

पुढच्या रविवारी सूचनांच्या वेळी आप्पा उठून उभे राहिले. "संध्याकाळची घरची प्रार्थना समदे करता. आजपासनं आमेनच्या आधी एकमेकांचं तळवे बघायचं. नवऱ्यानं बायकोचं, बायकोनं नवऱ्याचं, लेकानं आईचं. आपला तळवा आपल्याला दिसत न्हाई. देवानं मुद्दामच तसं केलंय, दुसऱ्या मानसाची गरज लागावी म्हनून. जोडीजोडीनं बघायचं. आमेनच्या आधी तळवे. इसरायचं न्हाई."

मंडळीचे पंच रणभिसे यांना हे रुचलं नाही. "आप्पा, हे देवाचं घर आहे. दवाखाना नव्हे. विश्वासानं आजार जातात."

"जात्यात की," आप्पा म्हणाले. "मीबी प्रार्थना करतोच. पन चपलेतला खिळा काढाया देवानं पक्कडबी दिलीया. ती कशापायी गंजवायची?"

हेच रणभिसे पुढच्या पावसाळ्यात चर्चमागच्या नळावर, कुणी बघत नाही असं बघून, आप्पांपुढं पाय वर करून उभे असलेले मी स्वतः पाहिले. आणि आमच्यातल्या गायकवाड पतिपत्नींची गोष्ट तर सगळ्या मंडळीला ठाऊक आहे. मुलीच्या लग्नातल्या कुठल्याशा मानपानावरून दोघांचं बोलणं बंद होतं. पण आप्पा दर रविवारी विचारणार, म्हणून दोघं मुकाट्यानं एकमेकांचे तळवे बघायचे. काही दिवसांनी एका संध्याकाळी गायकवाडबाईंच्या तोंडून निघून गेलं, "इथं चिरलंय, मलम लावा." बोलणं तिथून सुरू झालं. आप्पांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "ते ब्येस. पन चीर भरली का?"

तीन वर्षांपूर्वी लेआबाई गेल्या. चार दिवसांचा ताप आणि संपलं. माणसं भेटायला गेली, तेव्हा आप्पा खाली बघून प्रत्येकाला "सलाम" म्हणत होते. पुढच्या रविवारी ते पुन्हा व्हरांड्यात चपला तपासत बसलेले दिसले आणि आम्हा सगळ्यांना बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की पुढचा साधा प्रश्न आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नाही.

तो आला यंदाच्या जानेवारीत, आणि तोही माझ्या नव्हे, शालिनीच्या. "अहो, आप्पा हल्ली चपला काढत नाहीत," ती म्हणाली.

खरंच की. आप्पा काळे कॅनव्हासचे बूट आणि जाड मोजे घालून यायला लागले होते आणि तसेच आत शेवटच्या बाकावर बसत होते. कुणी विचारलं तर म्हणायचे, "थंडी लय हाय." जानेवारीत ते खपलं. मार्चमध्ये सांगलीत पंख्याखालीसुद्धा शर्ट पाठीला चिकटायला लागला, तरी आप्पांची थंडी जाईना. संदेशाच्या वेळी ते व्हरांड्यात जाईनासे झाले. चालताना डावा पाय जपून, कडेनं टाकायला लागले.

आणि तेव्हा मला कळलं. अख्ख्या मंडळीला जोड्या लावून देणाऱ्या माणसाला स्वतःला जोडी नव्हती. त्यांचा तळवा तीन वर्षांत कुणी पाहिला नव्हता.

त्या दिवसापासून मला घास गोड लागेना. सगळी लक्षणं आप्पांनीच शिकवलेली. पाय सुजला तर बूट एका अंगाला फुगतो. आप्पांचा फुगलेला होता. पाय सडायला लागला तर वास येतो. आता वास कसा घेणार? आमच्या शेजारच्या पाटलांकडं बरं असतं, सणावाराला वडीलमाणसांच्या पायावर डोकं ठेवायची सोय असते. आमच्यात पाया पडत नाहीत. तरी एका रविवारी मी मनाचा हिय्या केला. "आप्पा, आज माझा वाढदिवस, आशीर्वाद द्या," असं म्हणत मी सरळ वाकलो आणि नाक बुटाजवळ नेलं.

आप्पा दोन पावलं मागं उडाले ते चपलांच्या ढिगावर. "आवं, काय करताय! आपल्यात पाया पडत न्हाईत!"

सगळे बघायला लागले. रणभिसे पंचांनी मला बाजूला घेऊन माझ्या विश्वासाची चौकशी केली. शालिनीनं आठवण करून दिली की माझा वाढदिवस ऑगस्टात असतो. पण मला जे हवं होतं ते मिळालं होतं. म्हणजे नको होतं तेच मिळालं. वास येत होता.

मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. आप्पा चहा करत होते. कपात ओतताना निम्मा चहा बशीत गेला. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय हे मला ठाऊक होतं. ऑपरेशन का करत नाही म्हटलं की ते "फुडच्या म्हैन्यात" म्हणायचे. त्या दिवशी मी जोर धरला तेव्हा म्हणाले, "महिनाभर डोळ्यात थेंब घालाया मानूस लागतं, भाऊसाहेब." मुलगी मुंबईला, तिचा संसार तिला. दर रविवारी तिचा फोन येतो आणि आप्पा तिला "समदं झकास" म्हणून सांगतात.

खाटेखाली लेआबाईंचा आरसा जमिनीवर आडवा ठेवलेला होता. त्याचा एक कोपरा उडाला होता. त्यावर पाय धरून म्हातारा आपला तळवा आपणच बघायचा प्रयत्न करत असणार, आणि पिकलेल्या डोळ्यांना पांढऱ्या ढगाशिवाय काही दिसत नसणार. मी विचारलं, "हा कसा फुटला?"

"ख्रिसमसच्या साफसफाईत पाय पडला. तुमी च्या घ्या."

"आप्पा, पाय दाखवा."

"माझा पाय ठनठनीत हाय. तुमी तुमचं बगा. आज गोळी घेतली का?"

मी घेतली नव्हती. मी ओशाळून परत आलो. भित्र्या माणसाला परतवायला एवढं पुरतं.

शेवटी मी पाळकसाहेबांना गाठलं. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी, आमच्याकडे पाय धुण्याचा विधी असतो. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून पाळकसाहेब मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुतात. ज्यांची नावं निघतात ते आदल्या दिवशी घरी वज्रीनं पाय घासघासून इतके स्वच्छ करून येतात की पाळकसाहेबांना धुवायला काही उरतच नाही. पाण्याचा तांब्या धरायचं काम दर वर्षी आप्पांचं. तांब्याबरोबर त्यांच्याकडे बॅटरीही असते. मागं एकदा त्यांनी विधी चालू असताना एका रिक्षावाल्याच्या पोटरीवरचा सायलेन्सरचा चटका पकडला होता. त्या गड्याला भाजल्याचं कळलंच नव्हतं. त्याला आप्पांनी तसाच ओल्या पायानं डॉक्टरकडं पाठवलं, म्हणून त्याचा पाय वाचला.

यंदा माझ्या सांगण्यावरून पाळकसाहेबांनी बारावं नाव वाचलं, "शमुवेल लोखंडे."

आप्पा तांब्या घेऊन जागच्या जागी थिजले. "मी पानी धरतोय की."

"पाणी भाऊसाहेब धरतील. या, बसा."

"नगं."

पाळकसाहेब मऊ आवाजात म्हणाले, "आप्पा, प्रभूचा शिष्य पेत्रसुद्धा पाय धुवून घ्यायला आधी नकोच म्हणाला होता."

"पेत्राच्या पायात बूट न्हवता, साहेब," आप्पा म्हणाले. तांब्या परातीत ठेवून ते पाठमोरे झाले, आणि ती बारावी खुर्ची विधी संपेपर्यंत रिकामी राहिली.

मंडळी पांगली तरी उजेड अजून होता. मी चर्चमागं गेलो. आप्पा नळाजवळच्या दगडाशी उभे राहून परातीतलं पाणी जास्वंदीच्या मुळाशी ओतत होते. मी तांब्या भरून घेतला. मला साधं रक्त बघवत नाही. रिपोर्ट बघवत नाही. पण ह्या माणसानं भर उन्हात माझी चप्पल हातात घेऊन माझ्यामागं धाव घेतली होती, ते काही केल्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

"आप्पा," मी म्हणालो, "शेजारणीचं पातेलं असं झाकून ठेवून परत देणार का?"

त्यांनी परात खाली ठेवली. मग दगडावर बसले. बुटाची नाडी त्यांना दिसेना, ती मी सोडली. मोजा तळव्याला चिकटला होता. तांब्यातलं पाणी धारेनं सोडत मी तो भिजवला आणि हळूहळू सोलून काढला. पाऊल मांडीवर घेतलं. घाणीनं मला उमासा आला, पण मान वळवली नाही. अंगठ्याखाली जखम होती, रुपयापेक्षा मोठी, आणि तिच्या तळाशी काहीतरी चकाकत होतं. आरशाचा उडालेला कोपरा. ख्रिसमसपासून ते त्यावर चालत होते. सगळ्या गावाच्या चपलांत हात घालून खिळे शोधणाऱ्या माणसाच्या पायात काच होती आणि त्यांना टोचली नव्हती.

"काय हाय? सांगा खरं," आप्पा म्हणाले.

मी एके काळी अकरा वेळा खोटं 'हो' म्हटलेला माणूस. त्या वेळी मात्र मला खोटं बोलता आलं नाही. "काच आहे, आप्पा. आणि अंगठा काळा पडलाय."

"लय?"

"लय."

त्यांनी मान डोलावली. "मला वासावरनं कळलं व्हतं. पन भाऊसाहेब, मी लय पाय गेल्यालं बगितल्यात. ज्याला समदं ठावं आस्तं त्यालाच भ्या लय वाटतं." मग म्हणाले, "लेआ गेल्यापासनं ह्या पायाला कुनाचा हात न्हाई लागला."

मला रडू आलं ते मी लपवलं नाही. तसंही आप्पांना ते दिसणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, उत्तम शुक्रवारी, आयुष्यात पहिल्यांदा आप्पा उपासनेला नव्हते. ते ऑपरेशनच्या टेबलावर होते आणि मी बाहेर बाकावर. डॉक्टरांनी आधी घोट्यापासून पाय जाईल म्हणून सांगितलं होतं. दुपारी बाहेर येऊन म्हणाले, अंगठ्यावर भागलं, पण आठवडाभर उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. मी तिथल्या तिथं हात जोडले, मग आठवण झाली म्हणून खिशातली माझी गोळी काढून घेतली.

शुद्धीवर आल्यावर आप्पांनी पांढऱ्या बांधलेल्या पायाच्या दिशेनं हात फिरवला. "अंगठा म्होरं परत धाडला म्हना की," ते म्हणाले. "बाकीचं घेऊन सावकाश येतो म्हनावं."

आता आप्पा आमच्याकडेच असतात. मुंबईहून मुलगी येऊन गेली, भांडली, रडली, घेऊन जाते म्हणाली. आप्पा म्हणाले, "हितं चपला कोन बघनार?" गेल्या महिन्यात एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. शालिनी दिवसातून चार वेळा थेंब घालते आणि ते प्रत्येक वेळी आधीच डोळा मिटून घेतात, मग तिची बोलणी खातात.

संध्याकाळी सात वाजता आमची प्रार्थना असते. आमेनच्या आधी शालिनी माझे तळवे बघते, मी तिचे बघतो आणि मग मोडा सरकवून आप्पांचा उजवा पाय मांडीवर घेतो. डाव्याची ड्रेसिंगवाली पट्टी वेगळी बघतो. पेनच्या टोपणाचा तो दोरा आता माझ्याकडे आहे. काल मी दोरा हातात घेतला आणि म्हणालो, "आप्पा, मिटा डोळे."

त्यांनी मिटले. मी दोऱ्याचं टोक सरळ करत होतो.

"व्हय," आप्पा म्हणाले.

"अजून टेकवला नाही, आप्पा."

"ठावं हाय."

"मग हो कशाला म्हणालात?"

"तुमी म्होरं बसलाय, ते कळतंय की," आप्पा म्हणाले.

मी दोरा पुसून घेतला आणि टाचेपासून सुरुवात केली.